महिन्यांची वर्षं

माझ्या नवऱ्यानं त्याचं पहिलं सॉफ्टवेअर लिहिलं ते गुलमंडीच्या मागच्या गल्लीत, एका पॅथॉलॉजी लॅबच्या आतल्या खोलीत, फ्रिजला पाठ लावून बसून. आमचं लग्न नुकतंच झालं होतं. चांगली नोकरी सोडून हा माणूस दवाखान्यांचे आणि लॅबचे उंबरे झिजवत होता, आणि माझ्या शाळेच्या पगारावर घर चाललं होतं. त्याला लॅबसाठी सॉफ्टवेअर करायचं होतं. पेशंटचं नाव घालायचं, तपासणी निवडायची, आकडे भरायचे, की छापील रिपोर्ट बाहेर. पण इथले डॉक्टर म्हणायचे, "पुण्या-मुंबईचं काही असंल तर दाखव."

एका बाईंनी मात्र त्याला बसवून घेतलं. साठीच्या आसपासच्या, एकट्या राहणाऱ्या, मुलगा बेंगळुरूला. खालच्या कापडदुकानदारापासून वरच्या भाडेकरूंपर्यंत सगळे त्यांना डॉक्टरबाई म्हणत. त्या त्याला म्हणाल्या, "मला कॉम्प्युटरमधलं कळत नाही आणि तुला रक्तातलं कळत नाही. तेव्हा आधी नुसता बस आणि बघ."

तो बसला. सकाळी उपाशीपोटी येणाऱ्या माणसांची रांग, सुईला घाबरणारे पहिलवान, रिपोर्ट हातात घ्यायला न धजणाऱ्या बायका, सगळं बघत बसला. दुपारी बाई त्याला शिकवायच्या. घरी येऊन तो मला सांगायचा. आम्ही एकाच कॉलेजातले, त्यामुळं आमच्यात अरे-तुरेच. माझ्या सासूबाईंना ते कधी रुचलं नाही. जेवताना तो म्हणायचा, "अगं, लहान मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नसतो, माहितीय? मोठ्या माणसाला जो आकडा चांगला, तोच आकडा तान्ह्या बाळाला घातक असू शकतो." हे बाईंचं वाक्य होतं. त्यांनी ते त्याच्याकडून जणू पाठच करून घेतलं होतं.

म्हणून त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये वयाला फार महत्त्व होतं. वय घातलं की त्या वयाची योग्य मर्यादा रिपोर्टवर आपोआप यायची. आकडा मर्यादेबाहेर असला तर तो ठळक छापला जायचा आणि शेजारी एक चांदणी उमटायची. बाई म्हणायच्या, "खेड्यातला डॉक्टर गर्दीत असतो रे. तो सगळे आकडे वाचत नाही. तो चांदणी शोधतो."

ते सॉफ्टवेअर चाललं. जालना, बीड, परभणी, एकेका लॅबमध्ये बसत गेलं. प्रत्येक ठिकाणी बाईंचंच नाव सांगून दार उघडायचं. बाई दिवाळीला आमच्याकडं फराळाला यायच्या आणि चकली मोडून बघून, "तेल जास्त झालं गं," असं तोंडावर सांगायच्या. आमच्या मुलीला टायफॉइड झाला तेव्हा तिचं रक्त घ्यायला त्या रिक्षा करून स्वतः घरी आल्या होत्या. मुलगी त्यांना आजी म्हणायची. माझ्या नवऱ्याला त्या 'अरे' म्हणायच्या, आणि तो त्यांना मॅडम म्हणायचा, त्यांच्यासमोर खुर्चीवर कधी टेकून बसायचा नाही.

पुढं व्याप वाढला. एकट्याला झेपेना, तेव्हा पुण्याचा एक भागीदार आला. हुशार माणूस, बोलायला गोड, कामाला वाघ. क्रांती चौकाजवळ काचेचं ऑफिस झालं. फोन घ्यायला मुली बसल्या. आधी कुणालाही अडचण आली की थेट माझ्या नवऱ्याचा मोबाइल वाजायचा, पोळी तव्यावर असो की आम्ही लग्नात असो. आता तक्रारीला नंबर मिळायला लागला. मला बरं वाटलं, हे खोटं कशाला बोलू? माझा नवरा मला जेवणाच्या ताटावर पुन्हा मिळाला होता.

मग सॉफ्टवेअर नव्यानं लिहायचं ठरलं. पुण्यात पोरं बसवली, त्यांनी सगळं नव्यानं बांधलं. दिसायला देखणं झालं. बाईंच्या लॅबमध्ये ते सगळ्यात आधी बसलं, आणि थोड्याच दिवसांत बाईंच्या एक गोष्ट लक्षात आली.

लहान बाळाचं वय महिन्यांत घालतात. ते नीट घातलं जायचं. पण नंतर डॉक्टरांनी आणखी एक तपासणी सांगितली आणि त्याच बाळाची नोंद पुन्हा उघडून ती वाढवली, की महिन्यांची वर्षं व्हायची. आकडा तोच, समोरचा शब्द बदललेला. आठ महिन्यांचं बाळ आठ वर्षांचं व्हायचं. आणि वय बदललं की मर्यादा बदलायच्या, आणि मर्यादा बदलल्या की चांदणी भलत्याच ठिकाणी उमटायची, किंवा उमटायचीच नाही.

बाईंनी फोन केला. नवरा म्हणाला, "बघतो मॅडम, लगेच सांगतो पोरांना." त्यानं सांगितलंही. पुण्याहून उत्तर आलं, की हे दर वेळी होत नाही, आमच्याकडं करून बघितलं तर झालं नाही. बाईंनी पुन्हा फोन केला. या वेळी तो ऑफिसातल्या मुलीनं घेतला आणि तुमची तक्रार नोंदवली आहे, असं सांगितलं. बाईंनी दोन्ही रिपोर्टांचे फोटो काढून पाठवले. फोटो पोचले, असं उत्तर आलं.

असं बरंच चाललं. मला सगळं कळत नव्हतं, पण नवऱ्याचा चेहरा कळत होता. बाईंचा फोन आला की तो गॅलरीत जायचा. एकदा मात्र आमच्याकडं नळाला पाणी यायचा दिवस होता. आमच्या शहरात पाणी आलं की घरातलं प्रत्येक माणूस कामाला लागतं. त्याच्या दोन्ही हातांत बादल्या होत्या, म्हणून त्यानं मला फोन स्पीकरवर टाकायला सांगितलं.

"मॅडम, मी विसरलो नाही," तो म्हणाला. "पुढच्या व्हर्जनमध्ये घेतलंय."

"मागच्या व्हर्जनलाही हेच बोलला होतास."

"खरं सांगू का, बाकी एवढ्या लॅब आहेत, कुणाचीच ही तक्रार नाही. फक्त तुमच्याकडंच होतंय."

नळाचा धो-धो चालूच होता.

"माझ्याकडंच होतंय असं नाही," बाई म्हणाल्या. "माझ्या लक्षात येतंय, एवढंच. बाकीच्यांच्या लक्षात येत नसेल, तर ते जास्त वाईट आहे. तुम्हाला ते समजायला हवं."

फोन बंद झाला. नवरा बादली तशीच धरून उभा होता. "मला 'तुम्ही' म्हणाल्या," तो म्हणाला.

त्या आठवड्यात भागीदार पुण्याहून आला होता आणि आमच्याकडं जेवायला होता. नवऱ्यानं विषय काढला. भागीदारानं शांतपणे ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता, हे मी आजही म्हणते. तो म्हणाला, "हे बघ, पोरं सगळी मोबाइलच्या कामाला लावलीयेत. रिपोर्ट थेट पेशंटच्या मोबाइलवर, हे आज प्रत्येक लॅबला हवंय. ते नाही दिलं तर वर्षभरात आपण बाजारातून बाहेर. वयाचं काय, एक सूचना पाठवू सगळ्यांना. नोंद पुन्हा उघडली की वय तपासून घ्या. झालं."

"माणूस विसरतो," नवरा म्हणाला.

"मग तो माणसाचा दोष झाला. आपला नाही."

मी वरण वाढत होते. नवरा आणखी काहीतरी बोलेल म्हणून थांबले. तो बोलला, भांडलाही थोडं. मग म्हणाला, "बरं. पण मोबाइलचं झालं की पहिलं हे." भागीदार म्हणाला, "पहिलं हेच."

सूचना गेली. बाईंनी ती छापून भिंतीवर लावली आणि खाली स्वतः लाल शाईनं लिहिलं: लहान मुलाचा कुठलाही रिपोर्ट मला दाखवल्याशिवाय जाणार नाही. आणि खरोखर त्या प्रत्येक मुलाचा रिपोर्ट हातात घेऊन बघायच्या. चष्मा कपाळावर, कागद डोळ्यांजवळ. चुकलेलं वय सापडलं की तंत्रज्ञाला हाक मारून दुरुस्त करून घ्यायच्या. त्या दिवाळीला त्या फराळाला आल्या नाहीत. सर्दी झालीय म्हणून सांगितलं. मी डबा नेऊन दिला, तर त्यांनी तो घेतला, मुलीची चौकशी केली. नवऱ्याची केली नाही.

मग मोबाइलचं काम पूर्ण झालं आणि सगळीकडं बसलं. लोकांना ते इतकं आवडलं की ऑफिसात पेढे वाटले. वयाचं काम मात्र तसंच मागं राहिलं.

जे घडलं ते त्यानंतर काही महिन्यांनी, एका रविवारी. माझ्या भाचीचं लग्न ठरलं होतं आणि साड्या बघायला आम्ही दोघं गुलमंडीवर गेलो होतो. दुकानदारानं गादीवर साड्यांचा ढीग घातला होता आणि मी एक जांभळी उलगडून बघत होते, तेवढ्यात नवऱ्याचा मोबाइल वाजला. बाईंचा होता. किती दिवसांनी.

"कुठं आहात?"

"इथंच मॅडम, गुलमंडीवर."

"मग या लॅबमध्ये. आत्ता."

रविवारी लॅब दुपारपर्यंतच उघडी असायची. आम्ही जिना चढून गेलो तेव्हा बाहेरच्या बाकावर एक तरुण बाई मांडीवर पोर घेऊन बसलेली होती. पोर झोपलेलं होतं. त्याचा चेहरा सुजलेला होता, डोळ्यांच्या पापण्या फुगून चकचकीत झालेल्या. शेजारी तिचा नवरा, कंपनीच्या निळ्या शर्टात, हातात प्लास्टिकची पिशवी. मी त्यांच्याकडं बघितलं आणि पुढं गेले, जसं आपण लॅबमध्ये कुणाहीकडं बघतो.

आत बाईंच्या टेबलावर एकच रिपोर्ट होता.

"वाचा," बाई म्हणाल्या.

नवरा वाचायला लागला. क्रिएटिनिनचा रिपोर्ट होता तो. किडनी नीट काम करतेय का, ते सांगणारी तपासणी. आकडा साधा छापलेला होता. चांदणी नव्हती.

"वय वाचा."

"वीस वर्षं."

"बाहेर बाकावर कोण आहे ते बघून या."

तो गेला नाही. त्याला कळलं होतं. मला कळायला थोडा वेळ लागला. तपासणीच्या वेळी वीस महिन्यांचं असलेलं ते पोर बाहेर आईच्या मांडीवर होतं, आणि या कागदावर ते वीस वर्षांचा तरणाबांड गडी झालं होतं. तेवढ्या वयाच्या माणसाला तो आकडा अगदी ठीक होता. पोराला तो फार म्हणजे फारच जास्त होता.

"पण तुम्ही तर प्रत्येक..." नवऱ्याच्या तोंडून निघालं.

"मी प्रत्येक रिपोर्ट बघते," बाई म्हणाल्या. "काही महिन्यांपूर्वी याचा पहिला रिपोर्ट मी बघितला, सही केली. मग त्यांच्या डॉक्टरनं ही तपासणी वाढवली. नोंद पुन्हा उघडली. महिन्यांची वर्षं झाली. आणि तुमच्या सॉफ्टवेअरनं गृहीतच धरलं, की एकदा सही झालीय म्हणजे पुढच्यालाही आहेच. परस्पर त्याच्या बापाच्या मोबाइलवर पाठवून दिला. माझ्या टेबलावर हा कागद आलाच नाही कधी. आज आला. त्याच्या बापाच्या मोबाइलमधून."

गावाकडच्या डॉक्टरनं मोबाइलवर रिपोर्ट बघितला होता. चांदणी नाही म्हणजे किडनी चांगली. त्यानं तापाची औषधं दिली. ताप उतरायचा, पुन्हा यायचा. त्या रिपोर्टनंतरचे सगळे महिने तसेच गेले होते.

नवरा खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. "मॅडम, मी पुण्याला सांगितलं होतं. मी भागीदाराशी भांडलो होतो, हिला विचारा..."

"तुझा भागीदार माझ्याकडं शिकायला बसला नव्हता," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण फाटला होता. "तू बसला होतास. तुला माहीत होतं. त्या पोरांना माहीत नसेल, तुला माहीत होतं रे."

इतक्या दिवसांनी त्या पुन्हा 'तू' म्हणाल्या, आणि ते ऐकून मला रडू आलं. त्या उठून खिडकीशी गेल्या. म्हणाल्या, "आणि रिपोर्टखाली नाव कुणाचं आहे? माझं. तुझं नाही, पुण्याच्या पोरांचं नाही. ती बाई बाहेर बसलीय ती माझ्या नावाच्या लॅबमध्ये आलीय."

मग त्यांनी डोळे पुसले, बाहेर गेल्या, त्या जोडप्याला मोठ्या सरकारी दवाखान्यात कुणाला भेटायचं ते समजावून सांगितलं, ओळखीच्या डॉक्टरांना फोन केला, आणि त्यांना रिक्षात बसवायला स्वतः जिना उतरून गेल्या.

त्या परत आल्या तेव्हा नवरा त्यांच्या कॉम्प्युटरसमोर बसलेला होता. त्यानं पुण्याच्या एका पोराला फोनवर घेतलं होतं. भागीदाराला विचारलं नाही, तक्रारीचा नंबर नाही, पुढचं व्हर्जन नाही. मी बाकावर बसून होते. बाई आत येऊन एका स्टुलावर बसल्या. साडीच्या दुकानातला माणूस शोधत वर येऊन मला विचारून गेला, ताई, जांभळी बाजूला ठेवू का. मी मान हलवली, हो की नाही हे मलाच कळलं नाही.

ऊन खिडकीच्या खालच्या कडेला यायच्या आत काम झालं. नवऱ्यानं एक खोटं बाळ घातलं, दहा महिन्यांचं. नोंद बंद केली, उघडली, तपासणी वाढवली. बाळ दहा महिन्यांचंच राहिलं. पुन्हा केलं. पुन्हा दहा महिनेच.

बाई पडद्याकडं बघत होत्या.

"एवढंच होतं?" त्यांनी विचारलं.

"एवढंच होतं," तो म्हणाला.

आम्ही उठलो. अर्ध्या जिन्यावर तो पायरीवरच बसला. येणारी-जाणारी माणसं आम्हाला ओलांडून जात होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं भागीदाराला सांगितलं, की सगळ्या लॅबना कळवायचं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये असा दोष होता, लहान मुलांचे जुने रिपोर्ट पुन्हा तपासून बघा. भागीदार तातडीनं आला. ऑफिसच्या काचेआड दोघांचं काय झालं ते मला नवऱ्यानंच सांगितलं. भागीदार म्हणाला, दोष काढला ना, विषय संपला. असं लेखी कळवणं म्हणजे आपणच कोर्टाचं बोलावणं धाडणं. पन्नास माणसांच्या घरची चूल आपल्यावर आहे. तू एका बाळाचं बघतोयस.

"मी एकाच बाळाचं बघितलंय," नवरा म्हणाला. "बाकीची अजून कुणी बघितलीच नाहीत."

लेखी काही गेलं नाही. म्हणून यानं फोन लावायला सुरुवात केली. घरच्या गॅलरीत बसून, सकाळ-संध्याकाळ, एकेका लॅबला. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. काही जण ऐकून घ्यायचे आणि बरं झालं सांगितलंत म्हणायचे. काही जण शिव्या द्यायचे. सगळ्यात जास्त लोक म्हणायचे, "आमच्याकडं तसलं काय झालेलं नाय." तो विचारायचा, "तपासलंत का?" ते म्हणायचे, "तक्रारच नाय आली तर काय तपासायचं?" हे ऐकून तो फोन ठेवायचा आणि पुढचा लावण्याआधी बराच वेळ तसाच बसायचा. तक्रार नाही म्हणजे दोष नाही, हे त्यानं स्वतःच एके काळी स्पीकरवर बाईंना ऐकवलं होतं, आणि ते आम्हा दोघांच्याही ध्यानात होतं.

परभणीच्या एका लॅबवाल्यानं मात्र खरंच जुने रिपोर्ट काढले. त्यांना काही चुकीची वयं सापडली. सुदैवानं त्यातलं कुठलंच मूल आजारी नव्हतं. त्या माणसानं सगळं कळवलं, आणि त्याच संध्याकाळी आमचं सॉफ्टवेअर काढून टाकलं. बातमी पसरली, तसं इतरांनीही काढलं. उरलेल्या लॅब भागीदारानं आपल्याकडं घेतल्या. क्रांती चौकातलं ऑफिस रिकामं झालं. फोन घेणाऱ्या मुलींपैकी एक आमच्या घरी येऊन रडली. ती म्हणाली, "सर, मी त्या बाईंचे सगळे फोन वर कळवले होते." नवरा म्हणाला, "माहितीय बेटा. वर मीच होतो."

पोराची बातमी बाईंकडून कळायची, ती मला. नवऱ्याशी त्या बोलत नव्हत्या. जन्मापासूनच त्याच्या लघवीच्या वाटेत अडथळा होता. ऑपरेशन झालं. एक किडनी गेलेली होती. दुसरी होती, पण थकलेली.

एक दिवस नवरा म्हणाला, "मला त्या पोराच्या आईबापाला भेटायचंय." मी म्हटलं, "कशाला?" तो म्हणाला, "त्यांना माहीतच नाही ना काय झालं ते." बाईंना मी विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मी सांगितलंय त्यांना, रिपोर्ट चुकीचा गेला म्हणून. पण ते आजारपणाच्या धांदलीत त्यांना कितपत कळलं, काय की. जाऊ दे त्याला. मी अडवणार नाही."

चितेगावात कंपन्यांच्या मागं भाड्याच्या खोल्यांची ओळ होती, त्यातल्या एका खोलीत ते राहायचे. बापाची सुट्टी होती. आम्ही लॅबकडून आलो असं समजून त्यानं खुर्ची पुसून दिली. आई चहा टाकायला उठली. पोर जमिनीवर बसून ताटलीत पाणी खेळत होतं. सूज उतरली होती. रोड, मोठ्या डोळ्यांचं, हसरं पोर होतं.

नवऱ्यानं सगळं सांगितलं. सरळ सांगितलं, काही झाकलं नाही. आमच्या बनवलेल्या गोष्टीत चूक होती, ती आम्हाला ठाऊक होती, आम्ही ती तशीच ठेवली.

स्टोव्हचा आवाज बंद झाला. आई तिथूनच म्हणाली, "म्हंजे तवाच कळलं असतं, तर?"

"ऑपरेशन लवकर झालं असतं."

"आन मग ती गेलेली किडनी ऱ्हायली असती का?"

"मला नाही सांगता येत," नवरा म्हणाला. "डॉक्टर म्हणतात, कदाचित."

तिनं हात पुसले. पोराला उचललं, कडेवर घेतलं आणि आतल्या पडद्यामागं निघून गेली. चहा झालाच नाही. बाप खाली बघत बसला होता. मला वाटलं तो आता ओरडेल, अंगावर येईल. त्याची मी मनातून तयारीही केली होती. तो उठला आणि आमच्या पुढं चालत आम्हाला रस्त्यापर्यंत घेऊन आला. पैठण रोडवर कंपनीच्या बसगाड्या जात होत्या. एक गेली, मग तो बोलला.

"साहेब, तुम्ही हे सांगाया का आलात?"

नवरा म्हणाला, "तुम्हाला माहीत असायला पाहिजे होतं, म्हणून."

"आम्ही म्हनत होतो आपलं नशीब. देवाला बोलत होतो. देवाला बोललं की जरा मोकळं व्हतं." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "आता तुमचं तोंड दिसंल रोज. पुन्हा येऊ नका."

आम्ही गाडीवरून घरी आलो. आम्ही गेलो ते त्यांच्यासाठी की स्वतःसाठी, हा प्रश्न मी त्याला विचारला नाही. मला वाटतं, तो स्वतःला विचारतच होता.

पुढच्या वर्षी बाईंनी लॅब बंद केली. बेंगळुरूचा मुलगा खूप दिवसांपासून बोलावत होताच, आता त्यांनी ऐकलं. जागा एका मोठ्या साखळी लॅबनं घेतली. निघायच्या दिवशी मी सकाळीच मदतीला गेले. नवरा मला सोडायला आला होता. तो वर न येता समोरच्या पानाच्या टपरीजवळ थांबला.

बाई पेट्यांमध्ये कागद कोंबत होत्या. "खाली उभा आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"काही काम करतो का सध्या?"

"एका कंपनीत लागलाय. दुसऱ्यांनी केलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम आहे."

बाईंनी मान डोलावली. थोड्या वेळानं म्हणाल्या, "बोलव त्याला वर. मला हे खोकं उचलवत नाही. मायक्रोस्कोप आहे त्यात."

तो आला. दारात चपला काढल्या. दोघांनी एकमेकांकडं नीट बघितलं नाही. त्यानं खोकं उचललं, छातीशी धरलं आणि जिना उतरायला लागला. बाई कठड्यावरून वाकून बघत होत्या. "सावकाश," त्या म्हणाल्या. "शेवटच्या पायरीला खड्डा आहे."

"माहितीय मॅडम," तो खालून म्हणाला.

गाडी निघाली तेव्हा त्यांनी माझा हात धरला, मुलीला आशीर्वाद सांगितला. त्याला त्या काही म्हणाल्या नाहीत. गाडी औरंगपुऱ्याच्या दिशेनं वळून दिसेनाशी झाल्यावर आम्ही तिथंच उभे होतो, टपरीवाला पान लावता लावता आमच्याकडं बघत होता.

त्यानंतर बाईंचा फोन येतो, सणावाराला, मला. त्याची चौकशी करतात, फोन त्याला द्यायला सांगत नाहीत. चितेगावच्या पोराचं पुढं काय झालं ते आम्हाला माहीत नाही. आता ते शाळेत जायच्या वयाचं असेल. विचारायचं म्हटलं तर विचारता येईल, ओळखीपाळखीनं कळेलही. पण त्यांनी येऊ नका म्हणून सांगितलंय, आणि निदान तेवढं तरी त्यांचं ऐकावं, असं आम्हाला वाटतं.